चाळीस बायांचा ठसका

तानीबाई निपाणीच्या एका वखारीत बावीस वर्षं तंबाखू चाळत होती. नाकातोंडावर फडकं बांधून दिवसभर चाळायचं आणि संध्याकाळी काळं थुंकायचं, याचं तिला काही वाटेनासं झालं होतं. पण एक्क्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात तिच्याविषयी कागदावर एक ओळ लिहिली गेली, आणि ती मात्र तिला गिळवेना.

झालं असं, की बेळगावहून धर्मराज नावाचा तरुण डॉक्टर आला. चिकोडीकडच्या बौद्ध घरातला, घराण्यातला पहिलाच डॉक्टर. तंबाखूच्या धुरळ्यानं बायांच्या छातीचं काय होतं, याचा दोन हजार जणींवर मोठा अभ्यास व्हायचा होता. त्याआधी चाळीस जणींवर करून बघायचं, बाया येतात का, प्रश्न कळतात का, यंत्रात फुंकतात का. हे जमलं तरच मोठा अभ्यास.

तपासणी वखारीच्या अंगणातच झाली. मुकादम नागोजी शेजारी खुर्ची टाकून बसला होता. खोकला आहे का, या प्रश्नाला अडतीस जणींनी न्हाय म्हणून सांगितलं. फुंकायच्या यंत्राला तोटी एकच, दर बाईनंतर स्पिरिटनं पुसायची. परक्या पुरुषांसमोर फडकं सोडून दुसरीचं उष्टं तोंडात घ्यायला निम्म्या जणी तयार झाल्या नाहीत. तानीबाईही नाहीच म्हणाली.

पंधरा दिवसांनी धर्मराज बायांच्या वस्तीत निरोप घ्यायला आला. काय लिहिलंत, असं तानीबाईनं विचारलं, तेव्हा त्यानं चाचरत वाचून दाखवलं. या स्त्रियांत खोकला नगण्य आहे, त्या सहकार्य करत नाहीत, मोठा अभ्यास शक्य नाही. उद्या त्यावर मोठ्या डॉक्टरांची सही होणार होती.

"नगण्य म्हंजे?"

"नसल्यासारखा."

तानीबाईची धाकटी बहीण सुलाबाई मागच्याच वर्षी धाप लागून गेली होती. तानीबाईनं पिठाचे हात पुसले आणि ती त्याच्यासमोर बसली.

"खोकला म्हंजे आमच्यात क्षयाचा. त्यो हाय म्हटलं की मुकादम म्हणतो, उद्यापास्नं येऊ नगंस. आमाला असतो त्यो ठसका. ठसक्याचं कुणी इचारलं?"

प्रश्न इंग्रजीतून कानडीत आणि कानडीतून मराठीत आले होते. त्या सगळ्या वाटेवर एकाही चाळणाऱ्या बाईला कुणी काही विचारलं नव्हतं.

"करून बघायचं म्हंजे काय बघायचं हुतं, डाक्टर?" ती म्हणाली. "आमाला जमतंय का, का तुमाला जमतंय?"

धर्मराजनं कागद खाली ठेवला. "दोन्ही, आक्का," तो म्हणाला. "आम्ही फक्त तुमचंच लिहिलं."

सही न घेता त्यानं वरिष्ठांकडून महिन्याची मुदत मागून घेतली. तानीबाईनं सांगितलं तसं सगळं टिपून घेतलं. तपासणी वखारीत नको, सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या बुद्धविहारात. यंत्र धरायला पुरुष नको, बाईच, आणि प्रत्येकीला पुठ्ठ्याची वेगळी नळी.

बायांना विहारात बोलवायला तानीबाई घरोघर फिरते आहे हे नागोजीला कळलं. त्यानं तिला चाळणीवरून उठवून तंबाखू कुटायच्या खोलीत घातलं. तिथं धुरळ्यानं भर दुपारी समोरच्या बाईचं तोंड दिसत नसे. आठ दिवस तिनं तिथंच काढले. शनिवारी नागोजीनं सगळ्यांदेखत बजावलं, की उद्या विहारात जाईल तिनं परवा वखारीत येऊ नये.

तानीबाईनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"मग चाळीसजणींस्नी काढा, मुकादम. परवा चाळायला तुमी बसा."

कुणी हसलं नाही, पण कुणी मान खालीही घातली नाही.

रविवारी सदतीस जणी आल्या. ठसका किती जणींना, तर एकतीस. रुक्माबाई जेमतेम पंचविशीची, पण तिच्या फुंकरीनं काटा साठीच्या म्हातारीइतकाच सरकला. धर्मराजनं तिला पुन्हा दोनदा फुंकायला लावलं, आणि मग आकडा लिहिला.

सोमवारी नागोजीनं एकट्या तानीबाईला फाटकाबाहेर ठेवलं. बाकीच्याही आत गेल्या नाहीत, तिथंच मातीत बसल्या. वखारीत माल तुंबला. चौथ्या दिवशी मालकानंच तिला आत घ्यायला सांगितलं.

अभ्यास होऊ शकतो, चूक आमच्या पद्धतीत होती, असं धर्मराजनं नव्या अहवालात लिहिलं. वरिष्ठांनी ते वाक्य दोनदा खोडलं, त्यानं दोनदा पुन्हा घातलं. दीड वर्षानं मोठ्या अभ्यासाला मंजुरी आली. धर्मराज ते सांगायला आला तेव्हा मात्र त्याचा चेहरा पडलेला होता. करून बघण्यातले आकडे मोठ्या अभ्यासात मिसळायचे नसतात, असा नियम आहे. प्रश्न बदलत गेले, पद्धत बदलत गेली, म्हणून त्या चाळीस जणी त्यात मोजल्या जाणार नव्हत्या.

रुक्माबाई चिडून उठून गेली. तानीबाईलाही ते लागलं. एवढं सोसून आपण पुन्हा नसल्यासारख्याच. मग तिनं विचारलं, की प्रश्न विचारायला कोण बसणार. बेळगावची नर्स, असं तो म्हणाला.

"तिच्या शेजारी मी बसणार," ती म्हणाली. "आमाला मोजू नगा. पर दोन हजारातली एकबी खोटी मोजायला मी देणार न्हाय."

धर्मराजनं तिथंच कागद काढला आणि नर्सच्या नावाखाली तिचं नाव लिहिलं.