नेलपॉलिशच्या रेघा

इंजिन उघडून त्यातलं हेडगॅस्केट बदलून जुनी हायब्रिड गाडी परत देताना गॅरेजचा वस्ताद म्हणाला होता, "मावशी, आता डोळे मिटून चालवा." पण डोळे मिटणं मावशींच्या रक्तातच नव्हतं. रोज सकाळी, इंजिन थंड असताना, त्या इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीवर लाल नेलपॉलिशने पातळीची रेघ ओढायच्या. तीन दिवसांत तीन रेघा, प्रत्येक आधीच्यापेक्षा खाली. जमिनीवर मात्र थेंब नाही! चौथ्या दिवशी त्यांनी गॅरेज गाठलं.

"जातंय कुठे हे?"

वस्ताद हसला. "इंजिन उघडलं होतं ना, आत हवा अडकली. ती निघतेय आणि कूलंट तिची जागा घेतंय. थोडं भरलं की थांबेल."

मावशींना ते पटलं. पण तेवढ्यावर गप्प बसतील तर त्या मावशी कसल्या! त्यांनी शेजारच्या छोट्या टाकीवर बोट ठेवलं. "आणि ही?"

"ती विजेच्या भागांना गार ठेवणारी. तिला आम्ही हातच लावला नाही."

"ते दिसतंय. गाडी चालू असतानाही यातलं कूलंट ढिम्म हलत नाही. ते फिरायला नको?"

वस्तादाचं हसू मावळलं. त्याने गाडी चालू केली, टाकीत टॉर्च मारला आणि बराच वेळ वाकून बघत राहिला. कूलंट डबक्यासारखं निपचित होतं. ते फिरवणारा पंपच बंद पडला होता.

त्याने हात पुसले आणि गेल्या आठवड्यात दुरुस्त करून दिलेल्या दुसऱ्या हायब्रिडच्या मालकाला फोन लावला.

"दादा, गाडी चालू करून छोट्या टाकीत डोकावा बरं, कूलंट हलतंय का ते बघा. हो, हो, मीच म्हणालो होतो डोळे मिटून चालवा. पण आता उघडा."