बाबांचा दुसरा क्लिक

धाकटीनं माउस उघडला, तेव्हा बाबा तिच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या स्टुलावर बसून तिच्या हातांकडे टक लावून बघत होते. ही तिसरी खेप. तक्रार तीच: भिंतीची रेघ ओढताना एकदा दाबलं की माउस दोनदा दाबल्यासारखं करतो, आणि दोनदा दाबलं की त्यांच्या प्रोग्रॅममध्ये रेघ तिथंच संपते. चाळीस वर्षं घरांचे नकाशे काढणाऱ्या माणसाच्या भिंती अर्ध्यावर तुटायला लागल्या, तर त्याचं डोकं फिरणार नाही तर काय!

"माउसच नाठाळ आहे," बाबा म्हणाले. "माझा हात नाही. हात थरथरायला लागला त्या दिवशी मी टेबल आवरणार, हा शब्द मी तुझ्या आईला केव्हाच दिलाय."

आणि हा माणूस बोलला की करतोच. टेबल आवरलं तर सकाळी उठून करतील काय, या विचारानंच धाकटी दर खेपेला हातातलं काम बाजूला सारून माउस उघडायची.

तिनं जुनी बटणं काढली. त्यांत धातूची पातळ पट्टी असते, झिजली की उड्या मारते. नवी बसवली ती प्रकाशाची. आत इकडून तिकडे एक किरण जातो, बटण दाबलं की तो अडतो, एवढंच. पट्टीच नाही, तर उड्या मारणार कोण? तिनं शंभर वेळा दाबून पाहिलं. मोजून शंभरच क्लिक आले.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन. "तुझा प्रकाशही तसलाच निघाला!"

ती घरी गेली. बाबा रेघ ओढत होते. या खेपेला तिनं माउसकडे नाही, बोटाकडे पाहिलं. बोट खाली गेलं, किंचित उठलं, पुन्हा टेकलं. लहानपणी ती याच बोटाला कडकडून चावली होती, तो वण अजून होता. तिला भडभडून आलं.

"काय दोष आहे गं?"

"बटणं फार चपळ आहेत," ती नाक खाजवत म्हणाली. "जरा दमानं घ्यायला लावते."

तिनं सेटिंग बदललं: एका क्लिकनंतर पाव सेकंदात आलेला दुसरा मोजायचाच नाही. रेघ संपवायला एंटर होतंच. बाबांनी लांबलचक भिंत ओढली. कुठं म्हणून तुटली नाही.

"बघ! म्हटलं नव्हतं?" खुशीत येऊन त्यांनी स्वतः चहा केला. तिच्यापुढे ठेवताना कप बशीत खडखडला. चहा झकास झालाय, असं ती जरा मोठ्यानंच म्हणाली.

चार महिन्यांनी बाबा पुन्हा दुकानात आले, रिकाम्या हातांनी. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले, मग स्टूल जवळ ओढलं.

"तो पाव सेकंद," ते हळूच म्हणाले, "वाढवून अर्धा करता येईल का?"

धाकटीनं हातातलं काम खाली ठेवलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. खोटं बोलताना तू नाक खाजवतेस." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "एका शाळेचा नकाशा हातात आहे गं. सोडवत नाही. आईला मात्र बोलू नकोस हं, शब्द दिलाय तिला."

धाकटीनं मान डोलावली. आईचा फोन सकाळीच येऊन गेला होता: "ते येतील. मागतील ते करून दे, आणि मला यातलं काही ठाऊक नाही."