रिकामा प्रोसेसर

“रजेवर जाण्याआधी त्या चौथ्या प्रोसेसरला कुलूप लावून जा,” काका म्हणाले होते. “रिकामा दिसला की कोणाचा तरी हात शिवशिवणार.”

काका आमच्या ऑफिसातले सगळ्यांत जुने. नवजात बाळांच्या श्वासावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राचा कर्नेल, म्हणजे कुठलं काम आधी आणि कुठलं मागून हे ठरवणारा गाभा, आम्ही दोघांनी लिहिला होता. चारांपैकी एक प्रोसेसर फक्त धोक्याच्या घंटेसाठी राखलेला. रिकामं बसून राहणं हेच त्याचं काम. कुलूप म्हणजे एक तपासणी: त्याला कोणी दुसरं काम दिलं, तर यंत्र सुरूच होऊ नये.

मला सातवा महिना होता, पाय सुजलेले. “काका, ताई आहे ना!” म्हणत मी ते हसण्यावारी नेलं.

ताई म्हणजे आमची टीम लीड. माझ्या डब्यातलं हक्कानं खाणारी. “तू निर्धास्त जा गं. तुझ्या कोडला कोणी हात लावू दे, बघतेच मी.”

बाळ सहा आठवडे आधीच आलं. अतिदक्षता विभागात त्याच्या उशाशी आमचंच यंत्र पाहून मला केवढा धीर आला! चौथ्या दिवशी सकाळी पडद्यावर बोट ठेवून मी मागचा आलेख सरकवत होते. पूर्वी अडखळायचा, आता कसा सुळकन सरकत होता. सहज बाळाकडे बघितलं. छाती हलत नव्हती. ओठ निळसर. घंटा गप्प.

मी किंचाळले. बोट पडद्यावरून सुटलं, आणि तेव्हा घंटा वाजली. सिस्टर धावत आल्या, तळव्यांवर टिचक्या मारल्या, तेव्हा कुठे श्वास सुरू झाला.

ताईला फोन लावला. “आलेखाचं काम चौथ्यावर टाकलंस?”

“अगं, नुसता बसून असायचा तो. साहेब मागे लागले होते, आलेख अडखळतो म्हणून. घंटा तपासली होती मी.”

“आलेख सरकवताना?”

ती हळूच म्हणाली, “बाळ बरंय ना आता? मग हे लेखी नको हं पाठवूस. आपल्या घरातलं आहे.”

मी लेखीच पाठवलं. ऑफिसातून एका ओळीचं उत्तर आलं: विश्रांती घ्या.

यंत्रं अजून चालू आहेत. तुमच्या कोणाचं तान्हं अशा यंत्राशेजारी असेल, तर वाचणं इथंच थांबवा. पडद्याला बोट लावू नका. जवळ जा, आणि त्याची छाती हलतेय का, तेवढं बघून या.