दादाचा लालभडक रंग

धाकटी त्या सकाळी अशी पेटली होती की तिच्या वाटेला जायची कुणाची टाप नव्हती! कारण काय, तर दादाने मोटरसायकल परस्पर विकायला काढली. दोघांची गाडी, आणि हिला विचारलंसुद्धा नाही! गिऱ्हाईक तासाभरात दारात येणार होतं. अरे, धाकटी त्याच गाडीवर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला कामाला जायची. गाडी गेली की नोकरी गेली, सरळ हिशोब.

"तूच वाट लावलीस तिची," दादा दारात दात घासत म्हणाला. "स्टार्टरचं बटण दाबूनच धरतेस. मोटर टिकेल कशी?"

"मी?"

"मग काय मी? मी तर नवरीसारखी सजवली तिला."

ते खरं. त्याने महिन्यापूर्वी अख्खी गाडी खोलून सांगाड्याला चकचकीत लाल रंग मारला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून दाखवायचा. पण बटण दाबलं की नुसतं टक्! दिवा मंद, गाडी ढिम्म. बॅटरी नवी घातली, तरी टक्. किक या गाडीला नाहीच. महिनाभर धाकटी गल्लीभर गाडी ढकलत धावायची, उडी मारून सुरू करायची, आणि समोरचे काका गॅलरीतून ओरडायचे, "ए ढकलगाडी, आज भोंगा तरी वाजव!"

तिने सीट उपटली, बॅटरीला मीटर लावला, बटण दाबलं. दिवा मिणमिणला, पण मीटरवरचा व्होल्टचा आकडा जागचा हलला नाही. म्हणजे बॅटरीत दम होता, मोटरपर्यंत पोचतच नव्हता! मग एक जाड वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या धातूला. बटण. घर्रर्र, एका फटक्यात सुरू!

आई धावत आली. "झाली का गं?"

"थांब." तिने गाडी बंद केली. मायनसची मूळ वायर जिथे सांगाड्याला बसते, तो बोल्ट खोलला. खाली काय? लाल, गुळगुळीत रंग!

"दादा, इकडे ये." इतकं हळू म्हणाली की आईच मागे सरकली. "हे काय आहे?"

"रंग. गंज नको म्हणून..."

"रंगातून करंट जातो का रे शहाण्या? महिनाभर मी रस्त्यावर धावले, आणि वर बोल मलाच?"

तिने पॉलिशपेपर घेतला.

"ए, खरवडू नकोस! दोन हात मारलेत तिथे!"

"तुझं तोंड खरवडत नाहीये, नशीब समज."

धातू लख्ख दिसेपर्यंत तिने घासलं, बोल्ट आवळला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तिने बटण दाबलं, गाडी झटक्यात सुरू. आणि दादा, कमालच बघा, एकदम खुलला! "बघा साहेब, एका बटणात! किंमत जरा वाढवावी लागेल हं."

धाकटीने हेल्मेट चढवलं. "साहेब, गाडी विकायची नाही. हा विकायचाय. न्या, वर रंगाचा डबा फुकट."

आणि सुटलीच! काकांच्या गॅलरीखाली मुद्दाम थांबली, गाडी बंद केली, बटणावर पुन्हा सुरू केली, आणि भोंगा असा दाबून धरला की काकांच्या हातातला कप हिंदकळला.