खालच्या काठाला कोण थांबणार?

आमचे हे बोटीवरून रजेवर आले की पहिले काही दिवस घरात पाहुण्यासारखे वागतात. तांब्या कुठे ठेवलाय ते विचारतात, मुलांना हळूच हाक मारतात. जरा घरचे होतात न होतात, तोवर कंपनीचं बोलावणं येतं. म्हणून सत्त्याऐंशी सालच्या रजेत त्यांनी नेपाळचं काढलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. वर्षातून एकदा हाती लागणारा नवरा, आणि तोही नदीत उड्या मारायला चालला.

नदी म्हणजे आपली जयगडची खाडी नव्हे. डोंगरातून धडधडत उतरणारी, खडकांवर फेसाळणारी. तिच्यात एकट्याने बसायची चिंचोळी होडी घालायची आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. कायाक म्हणतात तिला. नॉर्वेच्या कुठल्याशा बंदरात ह्यांनी ती पाहिली आणि तेव्हापासून डोक्यात घेतली. बोटीवरचा खानसामा बहादूर नेपाळचा. त्याचा चुलतभाऊ काठमांडूत होड्या, हेल्मेटं, जाकिटं सगळं भाड्याने द्यायचा.

मी म्हटलं, जन्म समुद्रावर गेला तरी पाण्याची हौस फिटली नाही का? तर म्हणाले, इंजिनात तेल घालणाऱ्याला पाणी दिसतं कुठे?

"समुद्र माज्या डोक्यावर असतो, मालन. मना एकदा पान्याच्या वर बसायचाय."

राग गेला नाही, पण भांडायचा हुरूप गेला.

मग बेत सुरू झाला. हे ओटीवर कोळशाने नदी काढून दाखवायचे आणि वाडीतले पुरुष भोवती बसायचे. वरच्या अंगाला तंबू ठोकायचा, सामान तिथेच ठेवायचं. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की होडी सोडायची, खाली जाऊन भाकरी खायची आणि भरतीबरोबर तंबूपाशी परत. सगळे माना डोलवायचे. खाडीत पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय, पाणी उतरलं की बाहेर, चढलं की घरी. सासूबाईंनी तर तिथीही नेमून दिली, दशमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दशमीला पाणी सकाळीच भरतं, म्हणजे उजेडात जाऊन उजेडात घरी.

रत्नागिरीला जाऊन बहादूरच्या चुलतभावाला ट्रंककॉल लावला. मी शेजारीच उभी होते. ह्यांनी मोडक्या हिंदीत होडीचं भाडं विचारलं, आणि मग, दशमीला तुमच्याकडे भरती किती वाजता लागते, असं विचारलं. पलीकडचा तो माणूस असा हसला की मलाही ऐकू आलं.

ती नदी फक्त उतरते, वर चढत नाही, असं त्याने सांगितलं. परत यायचं ते जीपने. शिवाय खालच्या काठाला आपलं एक माणूस उभं हवं, होडी रिकामी आली तर लगेच आरडाओरड करायला.

ह्यांचं तोंड उतरलं. मला मात्र हसू आवरेना. जग फिरलेला माणूस, पण पाहिलेली प्रत्येक नदी बंदरातली, जिथे समुद्र आत शिरतो. त्यांना तरी काय ठाऊक असणार?

परतीच्या एस्टीत ते खालच्या काठासाठी माणूस शोधू लागले. वाडीतल्या लवूला सुट्टी मिळणार नाही, बाबल्याची जाळी पाण्यात, केरूचा भरवसा नाही. एकेक नाव ऐकता ऐकता घाटात मला गाडी लागते हेही मी विसरले.

"थांबायला मानूस कशाला शोधताय?" मी म्हटलं. "लगीन झाल्यापासना मी दुसरा काय केलाय?"

ते वळून बघायला लागले. मी सांगून टाकलं की नेपाळला पासपोर्ट लागत नाही, आणि मुलांना सासूबाई बघतील.

ते हळूच म्हणाले, "आनि मी नाय आलो खाली, तर?"

"तर मना त्याच घडीला कळंल," मी म्हटलं. "घरात बसून तारवाल्याची वाट बघायला नको."

त्यांनी माझा हात धरला. भर एस्टीत, चार माणसांदेखत. मी सोडवून घेतला नाही.

मग म्हणाले, तिथले घाट आपल्यापेक्षा मोठे, आणि तुला तर गाडी लागते.

लागू दे, मी म्हटलं.