नावापुढची अक्षरं

बावीस वर्षं परळच्या एकाच हॉस्पिटलात नर्स म्हणून काढल्यावर रुपाली घाडी असिस्टंट मेट्रन झाली, आणि तेव्हापासून कामावर जाताना तिचे पाय जड पडायला लागले. पूर्वी पेशंट असायचे. आता रजेचे अर्ज, नातेवाइकांच्या तक्रारी, मीटिंगा. एका मीटिंगमध्ये ती ज्युनियर सिस्टरवर नको तेवढी ओरडली आणि मग सगळ्यांसमोर स्वतःच रडली. आठवड्याभरात ऑफिसातून पत्र आलं: तुमच्यासाठी कोचची सोय केली आहे, सोबतच्या दोन नावांपैकी एक कळवा.

लालबागच्या घरी सासूबाईंनी, सुंदराबाईंनी, पत्राचं ऐकून विचारलं, "कोच म्हणजे तो क्रिकेटचो?"

"नाही आई. कामाबद्दल त्याच्याशी बोलायचं."

"मगे घरात कित्याक बोलनस नाय गो?"

रुपालीने पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. उत्तर द्यायचंही त्राण नव्हतं.

पहिलं नाव उन्मेष यांचं. जुन्या गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये काचेचं ऑफिस, भिंतभर फ्रेमा, नावापुढे सहा पदव्यांच्या अक्षरांची रांग. रुपालीने नव्या नर्सेसचे कागद वर्षानुवर्षं तपासले होते. सर्टिफिकेट कितीही चकचकीत असो, नोंदणी चालू आहे का हे ती आधी बघायची. त्याच सवयीने तिने विचारलं, "यातली परीक्षा देऊन मिळालेली कुठली? तुमचं काम कुणी ऐकून तपासलंय?"

"मॅडम, मी पाच हजार लोकांची आयुष्यं बदललीत."

"एकेकाशी बसून, की हॉलमध्ये भाषण देऊन?"

उन्मेष हसले. "तुमच्यात रेझिस्टन्स फार आहे. त्यावरच काम करू."

रागावूनही ती दमली असती. घरी येऊन तिने मोबाइलवर त्यातलं एकेक सर्टिफिकेट शोधलं. तीन नुसती सभासदत्वं होती, फॉर्म भरला की मिळणारी. दोन शनिवार-रविवारच्या शिबिरांची. उरलेलं एक खरं होतं, पण त्या संस्थेच्या यादीत त्याची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली.

दुसरं नाव ललिता केळुसकर. बँकेतून निवृत्त झालेल्या, शिवाजी पार्कला तळमजल्यावर राहणाऱ्या. नावापुढे तीनच अक्षरं, एकाच सर्टिफिकेटची.

"ही पहिलीच पायरी," त्यांनी विचारल्याबरोबर सांगितलं. "आतापर्यंत कोचिंगचे एकशे चाळीस तास झालेत. माझ्या सेशन्सची रेकॉर्डिंगं ऐकून आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी मला चांगलंच सोललं, तेव्हा कुठे हे मिळालं. दर तीन वर्षांनी नूतनीकरण."

"आणि तुम्ही चुकलात तर?"

"संस्थेकडे माझी तक्रार करता येते. कुठे करायची ते या कागदावर आहे. हॉस्पिटलला मी फक्त एवढंच कळवणार, की तुम्ही येता. बाकी काही नाही."

रुपालीने पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. मग ललिताबाईंनी विचारलं, "झोप कशी आहे?"

"तीन महिने नाही. लिफ्टमध्ये शिरलं की श्वास अडकतो. कधी कधी वाटतं, सकाळी जाग आलीच नाही तर बरं."

ललिताबाईंनी वही मिटली. "रुपालीताई, हे माझ्या तीन अक्षरांत बसत नाही. हे डॉक्टरांचं काम आहे. आज मी तुम्हाला घेतलं तर ती फसवणूक होईल."

"म्हणजे मला परत पाठवताय?"

"आधी डॉक्टरांकडे पाठवतेय. कधी जाल? आत्ता फोन लावूया का?"

रुपालीला अपमान वाटला, मग लाज. कुठल्याही पेशंटला तिने हेच सांगितलं असतं. तिने ललिताबाईंसमोरच फोन लावला. दुसऱ्या दिवशी ती भायखळ्याला, जिथे कुणी ओळखत नव्हतं तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, पण दुसऱ्या आठवड्यात ती पाच तास सलग झोपली. सहा आठवड्यांची रजा मिळाली. ऑफिसातून फोन आला, "उन्मेष सर लगेच मोकळे आहेत."

"मी ललिताबाईंसाठी थांबते," ती म्हणाली.

अडीच महिन्यांनी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पहिलं सेशन झालं. तासभर एकच प्रश्न चालला: मेट्रनचं काम तुम्हाला हवंय का? रुपाली कधी हो म्हणाली, कधी नाही. थकवा होताच, पण आता तो संध्याकाळचा होता. सकाळी उठल्याबरोबरचा नव्हता. तिने पुढच्या बुधवारची वेळ घेतली.