काळं पडलेलं कापड

तेनिन केइताची बोटं आता नीट वळत नव्हती, तरी एवढं एक कापड तिला करायचंच होतं. बाळंतीण उठली की सासूच्या हातचं चिखलनक्षीचं कापड नेसते, अशी गावची रीत. आणि सुनेचे, वासाचे, दिवस भरत आले होते.

पाल्याच्या काढ्यात भिजवून कापड पिवळं करायचं, मग त्यावर तळ्यातला मुरलेला चिखल लावायचा. चिखल लागेल तिथे काळं. पण आज तेनिननं काढ्यातून कापड वर काढलं. सबंध कापडच काळं पडलं होतं.

“काढा कशात उकळलास गं?” तिनं सुनेला विचारलं.

“लोखंडी हंडीत. मडक्याला तडा गेलाय, आई.”

“चवळीखाऊ कुलिबालींची पोर तू. माहेरी चवळीखेरीज काही शिजलंय कधी?” तेनिननं केइता आणि कुलिबाली या दोन कुळांतली पिढीजात थट्टा उकरली.

“केइतांच्या घरात ती चवळीही दिसेना,” वासा म्हणाली. पण डोळे भरले होते.

रागवायचंही त्राण तेनिनला नव्हतं. तिनं हंडी पुढ्यात ओढली. “चिंचेचं पाणी हिच्यात ठेवतेस का?”

“नाही. लोखंडाची चव उतरते.”

“आंबट लोखंडाला खातं, म्हणून. पाला तुरट, तोही खातो. खाल्लेलं लोखंड त्यानं कापडाला पाजलं. चिखल तरी वेगळं काय करतो? त्याच्याही पोटात लोखंडच.”

“मग आता नक्षी कशी काढायची?”

तेनिनला नुसतं आडवं व्हायचं होतं.

“लिंबं आण,” ती शेवटी म्हणाली. “लिंबू पाल्याहून खादाड. कापडातलं लोखंडसुद्धा ओढून घेईल.”

काडी रसात बुडवून तिनं रेघ ओढली. हळूहळू तिथला काळा रंग विरला, मातकट पिवळी वाट उमटली. पण न वळणाऱ्या बोटांतून काडी निसटली आणि रेघ फिसकटली. तिनं काडी वासाच्या हातात दिली. “तू ओढ. मी सांगते.”

निम्मं कापड झालं आणि वासानं दाराची चौकट धरली. “आई, कळा सुरू झाल्या.”

शेजारणींनी वासाला आत नेलं. तेनिननं कापड धुतलं, जमेल तसं पिळलं, वाळत टाकलं.

मुलगी झाली. बाळंतीण उठली तेव्हा तेनिननं ते कापड पुढे केलं. अर्धं नक्षीचं, अर्धं काळं.

“हे सासूच्या हातचं कुठंय?” वासा हळूच म्हणाली.

“अर्धं तुझ्या हंडीनं केलं, अर्धं तू. माझी नुसती बडबड. नेस आता, आणि मला जरा झोपू दे.”